माघातली सुकेळी

माघ लागला की आमच्या बुऱ्हाणपुरात उन्हाला पिकल्या केळ्याचा वास येतो. असं मी म्हटलं की सून हसते. "आई, धूपला कुठं वास असतो का?" म्हणते. ती इंदूरची, उन्हाला धूप म्हणणारी. तिला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. वय झालंय हे खरंच, पण वासही खराच आहे. सकाळचा गारवा सरला, तापीकडून येणारा वारा पडला आणि ऊन छपरांवर ठाण मांडून बसलं, की कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून तो वास खाली उतरतोच.

परवा सून स्वयंपाकघरात खजूर, मनुका आणि जास्त पिकलेली केळी घेऊन बसली होती. मुलांच्या डब्यासाठी लाडू करायचे होते. मोबाइलवर कोणी बाई दाखवत होती, त्याबरहुकूम हिचं चाललं होतं. मला पाहून म्हणाली, "आई, यात शक्कर जरासुद्धा नाही. सगळं नॅचरल." मी एक लाडू तोंडात टाकला. चांगला झाला होता. पोरं दिवसभर उंडारतात, त्यांना तो पचेलही आणि लागेलही. मला त्या लाडवांबद्दल काही म्हणायचं नाही. पण "यात साखर नाही" हे एवढं वाक्य ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. अगदी याच आवाजात, याच हौसेनं. बोलणारी माझी आई होती.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. दिवाळीपर्यंत आमचं सरकार नागपुरात होतं, दिवाळीनंतर ते भोपाळला गेलं. गाव जागच्या जागी होतं, तापी होती तिथूनच वाहत होती, मागांची खटखट सकाळपासून तशीच ऐकू येत होती. तरी मोठी माणसं अशी बोलायची, की जणू आपण सगळे फलाटावर बसलोय आणि कुठली गाडी येणार ते कोणालाच ठाऊक नाही. शाळेतल्या भिंतीवर नकाशा जुनाच लटकत होता. बाई त्याच्यावर छडी ठेवायच्या आणि मध्येच थांबायच्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. रोज संध्याकाळी ते कचेरीतून एक नवी बातमी घेऊन यायचे आणि ती बातमी आदल्या दिवशीच्या बातमीला खोटं पाडायची. नागपूरकडची माणसं मुंबई राज्यात गेली, म्हणून भोपाळात माणसं कमी पडतायत. मग इकडची उचलणार. मग नाही उचलणार. मग मराठी कारकुनांना आधी उचलणार. आई भाकरी थापता थापता विचारायची, "मग आपलं काय?" अण्णा टोपी खुंटीला अडकवत म्हणायचे, "आपलं काय, हुकूम आला की कळेल." ते सहज म्हणायचे, पण टोपी दोनदा खुंटीवरून खाली पडायची.

अशात संक्रांतीच्या आधी अण्णांना तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे. कचेरीतून येताना चौकातल्या नळावर, आल्यावर माठावर, जेवताना, जेवल्यावर. अंग मात्र उतरत चाललेलं. आणि मग आईला एका सकाळी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. ती तिथंच खाली बसली. मला काही कळलं नाही. मुंग्या काय, घरात असतातच. पण आईचे वडील याच दुखण्यानं गेले होते, आणि त्यांच्या लघवीलाही आधी अशाच मुंग्या लागल्या होत्या, हे मला तिनं नंतर सांगितलं. त्यांचा आधी पाय गेला होता, मग ते गेले होते.

अण्णांनी डॉक्टरकडं जाताना मला बरोबर नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात अण्णांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल झालं. मला फार गंमत वाटली. "अण्णा, बघा, बघा!" मी म्हणाले. अण्णांनी बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि ते दोघं आत खूप वेळ बोलत बसले. परतताना मावा जिलेबीच्या दुकानापाशी अण्णा थबकले. ही त्यांची नेहमीची जागा. कढईकडं बघत ते थोडा वेळ उभे राहिले, मग माझा हात धरून पुढं चालू लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

घरी येऊन अण्णा एवढंच म्हणाले, "साखर बंद, गोडधोड बंद, भात कमी. बाकी काही नाही." एवढंच.

आईनं ते ऐकलं आणि तिचं जेवण सुटलं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, तो आमटीत बुडवून तसाच ठेवायची. झोप गेली. डोळ्यांखाली काळं आलं. आठवडाभरात आजारी कोण आहे हे परक्याला सांगावं लागलं असतं. अण्णा तिला समजवायचे, "अगं, औषध आहे या दुखण्यावर आता. तुझ्या वडिलांच्या वेळी नव्हतं." ती मान हलवायची. ऐकत नव्हती, नुसती मान हलवत होती. मी शाळेतून आले की आधी दारातून तिचं तोंड बघायची. ती भिंतीकडं बघत बसलेली असली की मला आत जाववत नसे.

मग एक दिवस ती उठली. डोक्यावरून न्हाली, चूल सारवली, साखरेचा डबा शेजारी देऊन आली आणि म्हणाली, "पथ्य ना? मी एकादशीसारखं पाळीन. बघूच कसं वाकडं होतं ते."

एकादशी ही आईची हातखंडा गोष्ट होती. उपासाला काय चालतं आणि काय नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. उपासाचं खाणं म्हणजे स्वच्छ, देवाचं, अंगाला न बाधणारं. डॉक्टरांच्या पथ्याला तिनं तेच माप लावलं. गव्हाची पोळी कमी झाली, वरणभात जवळजवळ बंद झाला, आणि अण्णांच्या ताटात गुळात बांधलेला राजगिऱ्याचा लाडू आला. सकाळी खजूर. दुपारी उकडलेलं रताळं. चहात गूळ. संक्रांतीचा तिळगूळही त्यांना तिनं निवांत मनानं दिला, कारण त्यात साखरेचा कण नव्हता. जे देवाला चालतं ते दुखण्याला बाधेल कसं, हा प्रश्न तिच्या मनात आला नसणार. माझ्याही आला नाही. आमच्या आळीत कोणाच्याच आला नसता. शेजारणी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बाई बाई, किती करता हो नवऱ्याचं!"

आज हे लिहिताना मला हसू येतं आणि लगेच मी लेखणी खाली ठेवते.

फोपनारचा मामा आला तो माघाच्या सुरुवातीला. आईचा धाकटा भाऊ. त्याच्या केळीच्या बागेत त्या वर्षी माल उदंड होता आणि व्यापारी फक्त मोठे घड उचलत होते. लहान फण्या तशाच राहिलेल्या. तो बैलगाडी भरूनच घेऊन आला. "ताई, हे घे, बसराई हाय. इतकी गोड, की विचारू नको," तो म्हणाला. मग जरा चाचरला. "पन दाजीले चालीन का?"

"न चालायला काय झालं?" आई म्हणाली. "झाडावर पिकलंय. यात कुठं साखर घातलीये कोणी?"

"हाव, ते बी खरंच," मामा म्हणाला. "झाडाच्या गोडाले कोन साखर म्हन्ते!"

अण्णा ओट्यावर बसून पान लावत होते. त्यांनी मान वर केली, गाडीतल्या केळ्यांकडं पाहिलं, तोंड उघडलं. पण आई तोवर पदर खोचून गाडीपाशी पोचली होती. फण्या हातात घेऊन दाबून बघत होती, ही आज, ही उद्या, ही परवा, असं बडबडत होती. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. अण्णांनी तोंड मिटलं आणि पान तोंडात टाकलं.

सुकेळी करणं हे काम दिसतं सोपं. केळं पूर्ण पिकलेलं हवं, पण लिबलिबीत नको. सोलायचं, वरचे धागे काढायचे, उभं चिरायचं किंवा अख्खंच ठेवायचं, आणि बांबूच्या तट्ट्यावर ओळीनं मांडून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात घालायचं. वर पातळ कापड. बुऱ्हाणपुरात पातळ कापडाला तोटा नव्हता, मागावरचा तुकडा कोणीही द्यायचं. पण मग दिवसभर तिथंच जीव अडकतो. माश्या येतात, चिमण्या येतात, वाऱ्यानं कापड उडतं. दुपारी प्रत्येक केळं उलटवायचं. ऊन कलायच्या आत सगळं खाली आणायचं, कारण दव लागलं की बुरशी. हात ओला असता कामा नये. आई मला वर पाठवताना आधी माझे तळवे फिरवून बघायची.

पहिल्या दिवशी ती केळी नुसती चिकट होतात. मग पिवळ्याची बदामी होतात, आक्रसतात, त्यांच्या अंगावर मधासारखी चकाकी येते. शेवटी ती गडद तांबूस होतात, चामट होतात, आणि एवढंसं सुकेळं चार केळ्यांएवढं गोड लागतं. सगळं पाणी उडून जातं आणि गोडी तेवढी उरते. हे आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो, जिभेनं चाखत होतो. आई एक तुकडा मोडून माझ्या तोंडात घालायची आणि म्हणायची, "बघ, साखरेची गरज तरी आहे का?"

सुकेळी करायला लागल्यापासून आई जेवायला लागली. दमून झोपायला लागली. मला वाटलं, संकट टळलं.

पण बदलीची बातमी काही टळत नव्हती. नवे साहेब आले होते. ते हिंदीत बोलायचे, हिंदीतच शेरे मारायचे, आणि कचेरीत चपला घालून आलेलं त्यांना चालत नसे. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा बूट घेतले. आईनं पत्र्याचा एक मोठा डबा घासूनपुसून उन्हात वाळवला आणि त्यात वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून सुकेळी भरायला सुरुवात केली. "भोपाळला कोण बसलंय यांना करून घालायला?" ती म्हणायची. "खाणावळीत काय घालतील कोण जाणे. हा डबा असला की मला काळजी नाही." डबा भरत आला की ती वरची सुकेळी अण्णांना खायला द्यायची आणि नव्यानं भरायची. तो डबा कधी पुरा भरला नाही. मला वाटतं, तिला तो भरायचाच नव्हता. डबा भरला की हुकूम येईल, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं होतं.

काळजीला हात लागतात. हे मी तेव्हा शिकले आणि अजून विसरले नाही. माणूस रिकाम्या हातानं काळजी करू शकत नाही, तो काहीतरी निवडतो, वळतो, वाळवतो, भरून ठेवतो. मीसुद्धा अशीच आहे. लेकाला घरी यायला उशीर झाला की मी भांडी घासलेली पुन्हा घासते. सून म्हणते, "आई, रहने दो ना." तिला कसं सांगू, की भांडी घासली नाहीत तर ते हात कुठं ठेवू!

मोरीतल्या मुंग्या मात्र कमी होईनात. सकाळी उठले की मी आधी तिकडं जायची. कोणी सांगितलं नव्हतं, पण जायची. रांग असायचीच. कधी बारीक, कधी दाट. मी तांब्याभर पाणी ओतायची आणि वळायची तर दारात आई उभी असायची. ती म्हणायची, "उन्हाळा लागलाय, म्हणून निघतात मुंग्या." मी म्हणायची, "हो." मग ती हळदीची रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी मुंग्या रेघेला वळसा घालून आलेल्या असायच्या. आम्ही दोघी त्याबद्दल आणखी काही बोलत नव्हतो. साखर नाही, गोड नाही, मग मुंग्या कशासाठी येतात, हा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो मागं लोटायची. लोटल्यावर तो शाळेत, पाढे म्हणताना, परत यायचा.

महाशिवरात्रीला सगळ्या गावानं उपास केला. घराघरांतून रताळ्यांचा आणि शिंगाड्याच्या शिऱ्याचा वास येत होता. अण्णा ताटावर बसून म्हणाले, "आज अख्खं बुऱ्हाणपूर माझ्यासारखं जेवतंय." आई हसली. मीही हसले. अण्णा उठले तेव्हा मला दिसलं, की ते डावा पाय टेकताना जपून टेकतायत.

बूट चावला होता. करंगळीच्या बाजूला एक फोड आला होता, तो फुटला होता आणि भरत नव्हता. अण्णांनी मोजा घालून तो झाकून ठेवला होता. साहेबांना कळलं की माणूस आजारी आहे, तर नव्या राज्यात आपल्याला कशाला ठेवतील, ही त्यांची धास्ती. आईनं मोजा काढून बघितलं आणि तिचे ओठ पांढरे पडले. तिनं हळद लावली, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, पुन्हा हळद लावली. आणि सुकेळी वाढवली. "अंगात ताकद नाही म्हणून जखम भरत नाही," ती म्हणाली. "ताकद आली की भरेल." सकाळी दोन तर संध्याकाळी दोन. अण्णा मुकाट्यानं खायचे.

जखमेची कड काळी पडायला लागली तेव्हा मामा पुन्हा आला होता. त्यानं पाय हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "दाजी, आता घरचे उपाय पुरे. खांडव्याले चला. आजच्या आज."

आईनं दोन लुगडी बांधली, मला बरोबर घेतलं, आणि पत्र्याचा डबाही घेतला. आगगाडीत अण्णा खिडकीपाशी पाय लांबवून बसले होते. नेपानगर आलं. कागदाच्या कारखान्याचा उग्र दर्प डब्यात शिरला, लोकांनी नाकाला रुमाल लावले. आईनं लावला नाही. तिला वास येतच नव्हता. ती अण्णांच्या पायाला गुंडाळलेल्या फडक्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. तिला तिच्या वडिलांचा पाय दिसत होता, हे मला समजत होतं. मला एवढंच वाटत होतं, की गाडी अशीच चालत राहावी, खांडवा येऊ नये.

खांडव्याचे डॉक्टर वयानं मोठे होते, शांत होते. त्यांनी पाय बघितला, नळी तापवली. पुन्हा तोच विटेचा लाल रंग. मला या वेळी गंमत वाटली नाही. त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि अण्णांना विचारलं, "परहेज करते हैं? खाने में क्या लेते हैं?"

"भाकरी, भाजी, ताक," अण्णा म्हणाले. "बस."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "और कुछ नहीं?"

"नाही. और कुछ नहीं."

आईला ते सहन झालं नाही. तिनं दोन महिने जिवाचं रान केलं होतं आणि हा माणूस ते डॉक्टरांना सांगतसुद्धा नव्हता. ती पुढं झाली. "अहो, नीट सांगा ना डॉक्टरांना! साहेब, मी यांना साखरेचा कण दिलेला नाही. शक्कर बिलकुल नाही. सगळं उपासाचं देते. खजूर देते, राजगिऱ्याचा लाडू देते गुळातला, रताळं देते. आणि हे." तिनं डबा उघडला, केळीचं पान सोडलं आणि सुकेळं त्यांच्यासमोर धरलं. "हे मी घरी करते. रोज चार देते."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी सुकेळं हातात घेतलं, मोडलं, एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "बहुत अच्छा बना है, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी उरलेला तुकडा पानात परत ठेवला आणि तिला समजावून सांगितलं. आवाज न चढवता, मोडक्यातोडक्या मराठीत, की हे झाडावरचं गोड असो, गुळाचं असो, खजुराचं असो, रक्तात जाऊन सगळं एकच होतं. की वाळवलेलं केळं तर सगळ्यात वाईट. की रताळं नको, राजगिऱ्याचा लाडू नको. की उपास वेगळा आणि हा आजार वेगळा.

आई रडली नाही. तिनं पान गुंडाळलं, डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का बघितलं. मग अण्णांकडं वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

अण्णांनी पायावरची चादर सारखी केली.

"ठाऊक होतं का?"

"त्या पहिल्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "केळी, खजूर, गूळ. सगळं."

"मग?"

"तू जेवायला लागली होतीस," ते म्हणाले. "झोपायला लागली होतीस. म्हटलं, एवढ्याशा सुकेळ्यानं काय होतंय! आणि खरं सांगू का, मला ती आवडायचीही."

आईचा आवाज असा चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "माझं मन राखायला मला विधवा करणार होतात?"

वॉर्डातली सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. सवाष्ण बाई हा शब्द स्वतःबद्दल उच्चारतही नाही, आणि ती तो भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत बोलली होती. मामा पुढं आला, "ताई, ताई," म्हणायला लागला. तिनं त्याचा हात झटकला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागं गेले. मी तिच्या लुगड्याला धरून उभी राहिले. कोणावर रागवावं ते मला कळत नव्हतं. आईवर रागवावं तर तिनं सगळं प्रेमानं केलेलं. अण्णांवर रागवावं तर त्यांनीही.

अजूनही कळत नाही. या वयातही कधी कधी मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडते, दोघांवरही, आळीपाळीनं.

अण्णांचा पाय वाचला. करंगळी गेली. ती गेल्यावर वरची काळिमा थांबेल की चढेल हे कळायला वेळ लागला, आणि तेवढे दिवस आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत काढले. आई रोज सकाळी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघायची, मी आईच्या चेहऱ्याकडं. ती अण्णांशी बोलत नव्हती. पाणी द्यायची, चादर बदलायची, इंजेक्शनची सुई उकळून कशी टोचायची ते नर्सबाईंकडून शिकायची, पण बोलायची नाही. अण्णा काही विचारायचे, ती मला म्हणायची, "मालू, सांग त्यांना." डबा तिनं मामाकडं दिला. मामानं तो वॉर्डात वाटला. रोग्यांच्या नातेवाइकांनी सुकेळ्यांची फार तारीफ केली. ती तारीफ ऐकताना आई तोंड फिरवून बसायची.

आम्ही घरी परतलो तेव्हा होळी होऊन गेली होती. उन्हाला आता धार आली होती. धाब्यावर रिकामे तट्टे उभे करून ठेवले होते. बदलीचा हुकूम मात्र शेवटपर्यंत आला नाही. दुसऱ्याच कोणाची तरी बदली झाली. ज्या गोष्टीला आम्ही इतके भ्यालो, ती आमच्या दारावरून पुढं निघून गेली, आणि जिला भ्यायला हवं होतं ती आम्ही रोज ताटात वाढत होतो.

परतल्यावरचं पहिलं जेवण मला स्वच्छ आठवतं. ज्वारीची भाकरी, गिलक्यांची भाजी, ताक. आईनं ताट ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिच्या हातचं काहीही पुढ्यात आलं तरी अण्णा दुसऱ्या घासाला "छान झालंय" म्हणायचे. करपलेलं असो, अळणी असो, छान. त्यांनी तिच्या स्वयंपाकात कधी खोट काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे त्या सवयीला चांगुलपणा म्हणत होतो.

अण्णांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग हात थांबवला आणि खाली मान घालूनच म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय."

आई जागची हलली नाही. खांडव्यापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"किती?" तिनं विचारलं.

"बरंच."

ती तिथंच खाली बसली, पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, गाडीत रडली नव्हती, ते सगळं आता निघालं. मी घाबरले. मला वाटलं, अण्णांनी हे काय बोलून ठेवलं. पण अण्णा ताटावरून उठले नाहीत आणि तिची समजूतही घालायला गेले नाहीत. त्यांनी भाकरीचा काठ मोडून बघितला.

"आणि भाकरी कडेला कच्ची राहिलीय," ते म्हणाले.

आईनं पदराआडूनच विचारलं, "अजून?"

"अजून काही नाही. ताक छान आहे."

तिनं पदर खाली घेतला आणि त्यांच्याकडं पाहिलं. मग उठली आणि वाडग्यात त्यांना आणखी ताक वाढलं.